शशीचा चालता खो-खो

शशी,

परवा पेपरात तुझी बातमी आली. आतल्या पानावर, कुठल्याशा टेंडरच्या जाहिरातीखाली, मोजून दोन वाक्यं. मथळ्यात तुझं नावही नव्हतं. नुसतं 'गॅसपीडित महिला'. तुझ्या दादानं ती बातमी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि मला म्हणाला, "पीडित काहून लिहितात वं हे लोक? हिनं तर उलट आख्ख्या मोहल्ल्याले पिडलं होतं." एवढं बोलून तो हसला आणि हसता हसता उठून मोरीवर तोंड धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता.

बाहेर आल्यावर म्हणाला, संपादकाला लिहून कळवतो की ही कोण होती. कागद घेऊन बसला खरा, पण पुढे काही सुचेना. मी म्हटलं, राहू द्या. मी लिहिते. आणि संपादकाला कशाला, तिलाच लिहिते. आमचं बोलणं तसंही अर्धवट राहिलं आहे.

तर सुरुवातीपासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक.

मी या घरात सून म्हणून आले त्या दिवशी माझी वाट अडवायला नणंदच जागेवर नव्हती. तेव्हा आपलं नागपुरातलं नंदनवन म्हणजे निम्मं शेत आणि निम्मी घरं. वरात दारात येऊन थांबलेली, माझ्या डोक्यावर पदर, पायात नव्या चपलांचा चावा, आणि आई दर दोन मिनिटांनी बाबांना विचारत होत्या, की शशी कुठं उलथली. बाबा खाली बघत होते, कारण तू कुठे आहेस ते त्यांना माहीत होतं. तेवढ्यात गल्लीच्या टोकापासून धुळीचा लोट आला आणि त्यातून तू निघालीस. स्कर्ट, खाली हाफपँट, एक गुडघा सोललेला. माणसांमधून वाट काढत दारात पोचलीस, दोन्ही हात चौकटीला लावलेस आणि म्हणालीस, "नाव घे, मग आत ये." मी कसंबसं नाव घेतलं. तू बाजूला झालीस आणि माझ्या कानात कुजबुजलीस, "वैनी, आज कामठीच्या पोरींले पार झोपवलं. तुले सांगीन मग." मैदानापासून घरापर्यंत पळत आली होतीस आणि तुला धापसुद्धा लागलेली नव्हती.

मला तू तिथेच आवडलीस. सासरी पहिल्या दिवशी कोणी आपल्याशी गुपित बोलतं, म्हणजे आता इथे राहता येईल, असं वाटलं मला.

नंतरच्या दिवसांत परसात तू मला खो-खो शिकवायचीस. मी शाळेत मराठी शिकवणारी, आयुष्यात कधी लंगडीही धड न खेळलेली. तू मला हूल द्यायला शिकवलंस. खांदा एकीकडे टाकायचा आणि अंग दुसरीकडून काढायचं. "डोयानं खोटं बोल, पायानं खरं," असं तू म्हणायचीस. घरातसुद्धा तू हेच करायचीस. आईंनी दळणाला हाक मारली की 'आली, आली' म्हणत स्वयंपाकघराकडे वळायचीस आणि मागच्या दारानं मैदान गाठायचीस. आई मला म्हणायच्या, हिला कोण करणार? बाबा मात्र गिरणीची पाळी संपवून डबा हातात घेऊन थेट तुझ्या सामन्याला जायचे. तू साखळी पळायला लागलीस की डब्याचं झाकण डब्यावर वाजवायचे. एकदा पंचांनी त्यांना हाकलून दिलं, तर कुंपणापलीकडून वाजवत राहिले.

मग भोपाळचं स्थळ आलं. देवराव तिकडच्या कापडगिरणीत होते, मूळचे आपल्याच भागातले. त्यांच्या आईंनी पाहण्याच्या वेळी विचारलं की पोरीला काय काय येतं. आई घाईघाईनं सांगू लागल्या, सगळं येतं, भाजी-भाकरी, शिवण. तू मान वर करून म्हणालीस, "पयता येते." आईंनी कपाळाला हात लावला. आणि देवराव असे हसले, की हातातल्या बशीतला चहा त्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडला. तो डाग घेऊनच ते भोपाळला गेले, आणि आठ दिवसांत होकार आला.

लग्नानंतर तुझी बोली बदलली. 'काहून' गेलं, 'क्यों' आलं. रागावलीस की मात्र 'काहून' परत यायचं, म्हणून तू रागावलेली मला आवडायचीस. आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत तुमच्याकडे यायचो. तुमच्या बस्तीसमोर रस्त्याच्या पलीकडे तो कारखाना. पिकावरची कीड मारायचं औषध करतात तिथे, एवढंच आम्हाला माहीत. संध्याकाळी त्याचे दिवे लागायचे आणि तुझ्या सासूबाई ओट्यावर बसून म्हणायच्या, की आपल्याला रोजचीच रोषणाई, तेलही लागत नाही. शेजारच्या हमीदाआपा तिथेच बसून शेंगा निवडत असायच्या. तुझ्या दादानं एकदा म्हटलंसुद्धा, की शेजार चांगला आहे, पोरांना नोकऱ्या लागतील. त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी कोणालाही त्या दिव्यांची भीती वाटली नाही. का वाटावी?

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात तुला बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते. तुला नागपूरला आणायचं ठरलं होतं. मी तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करून डब्यात भरून ठेवले होते. आणि डिसेंबरात ती रात्र आली.

त्या रात्रीविषयी तू मला सलग कधीच सांगितलं नाहीस. तुकडे दिलेस, तेही भलत्या वेळी, भांडी विसळताना नाहीतर केस विंचरताना. घरात कोणी मिरच्या जाळल्यात असं वाटलं. डोळे उघडेनात. बाहेर आलात तर आख्खी गल्ली धावत होती, आणि कुणीकडे धावायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. देवरावांनी त्यांच्या आईला पाठीवर घेतलं. तू हमीदाआपांचा हात धरलास आणि पळालीस. तुला पळता येत होतं. वाऱ्याच्या पुढे जाऊ, असं तुला वाटलं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की जे पळाले त्यांनी जास्त श्वास ओढला. ओलं फडकं तोंडाला लावून एका जागी बसले असते तर कदाचित एवढं झालं नसतं. हे बस्तीतल्या कोणाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. कारखान्यानं नाही, सरकारनं नाही. तू मला हे सांगितलंस तेव्हा आपण दोघी गच्चीवर वाळवणाशी बसलो होतो. तू म्हणालीस, "जिंदगीभर पयाली तर मेडल भेटले वैनी. एकदाच जिवासाठी पयाली, तर हे भेटलं." आणि हसलीस. मग खोकलीस. हसावं की काय करावं, मला कळेना. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "हस नं. मी हसून राहिली तर तुले काय झालं?"

तुझ्या सासूबाई त्याच आठवड्यात गेल्या. पोटातलं बाळही गेलं. त्याच्याबद्दल आपण एकदाच बोललो आणि ते मी इथे लिहिणार नाही. ते तुझं नि माझं.

तुझा दादा त्या दिवसांत नागपूर स्टेशनवर राहायलाच गेल्यासारखा होता. भोपाळकडून येणारी प्रत्येक गाडी बघायचा. लोक उतरायचे ते डोळ्यांवर हात धरून, एकमेकांना धरून. शेवटी एका सकाळी देवराव उतरले आणि त्यांच्या खांद्याला धरून तू. तुझ्या डोळ्यांवर पट्टी. तुझा दादा हाक मारायचं विसरून धावत सुटला. तो तसाच समोर जाऊन उभा राहिला. तू हात पुढे करून त्याची छाती चाचपलीस. शिवण लागली, खिसा लागलाच नाही. मग तू म्हणालीस, "दादा, शर्ट उलटा घातला गा तू." तो तिथे फलाटावर बसला आणि रडला. घरी आल्यावर मला सांगितलं, की शशी आहे. शशीच आहे ती.

पट्टी निघाली, डोळे बरे झाले, निदान कामापुरते. श्वास बरा झाला नाही. मोरीपासून पलंगापर्यंत यायचं तर तू मध्ये खुर्चीला हात टेकायचीस. मिरचीची फोडणी पडली की तुझा जीव घाबरा व्हायचा. म्हणून मी घरातली फोडणीच बंद केली. तुझा दादा, ज्याला रश्श्यावर लाल तवंग बोटभर जाड दिसला नाही तर तो जेवण झालं असं मानत नाही, तो उकडलेलं वरण आणि भोपळ्याची फिकी भाजी मुकाट्यानं जेवायला लागला. महिन्याभरानं तुझ्या लक्षात आलं, की दादाच्या बुशकोटाला तर्रीपोह्याचा वास येतो. तू त्याला सगळ्यांसमोर विचारलंस, की ऑफिसात आता तर्री वाढतात काय. तो कानापर्यंत लाल झाला. त्यानंतर तूच फर्मान काढलंस, की शेगडी परसात न्या आणि माझ्या भावाला माणसासारखं जेवू घाला. मी परसात फोडणी द्यायचे आणि तू समोरच्या खोलीत खिडकी बंद करून आतून ओरडायचीस, "झाली का वं?" त्या दिवसांत आपण किती हसलो शशी. पेपरात ते येणार नाही.

पण बसून राहणं तुला जमेना. आम्ही सगळे एकच शब्द बोलायचो: बस. पाणी आणायला उठलीस, बस. दार उघडायला उठलीस, बस. एके दिवशी तू वैतागून म्हणालीस, "बस बस करता करता मले मैदानातला खांब करून टाकसान तुम्ही." आणि चप्पल घालून बाहेर पडलीस. मी मागे निघाले. मैदान आपल्या घरापासून किती लांब आहे? तरी तू वाटेत तीन ओट्यांवर बसलीस. प्रत्येक ओट्यावरच्या बाईशी बोललीस. मैदानावर पोचलो तेव्हा तिथल्या पोरी खो-खो खेळत होत्या, आणि वाईट खेळत होत्या. तू थोडा वेळ बघितलंस आणि बसल्या जागेवरून शिकवायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी दादानं शिट्टी आणून दिली. ती वाजवायला तुझ्याकडे हवा नव्हती. तू शिट्टी परत दिलीस, घरातून परात आणि लाटणं घेतलंस. नंदनवनात संध्याकाळी परात वाजली की लोक म्हणायचे, शशीबाईंची शाळा भरली.

चालता खो-खो तिथूनच निघाला. मैदानाच्या कडेला रोज बायका उभ्या राहायच्या, त्यात सुभद्राबाईही. कळमन्याहून संत्री आणून टोपली डोक्यावर घेऊन विकायच्या त्या. भारी अंगाच्या, गुडघ्यांनी हैराण. त्या तुला म्हणाल्या, आमच्या नशिबात कुठलं आलं खेळणं, गुडघे बोलतात. तू म्हणालीस, "पयू नका. चाला." आणि तिथल्या तिथे नियम सांगितलेस. पळायचं नाही. पळाली ती बाद. आणि कोणाला धाप लागली, गुडघा दुखला, काहीही झालं, तर हात वर करायचा. हात वर झाला की सगळ्यांनी जिथल्या तिथे थांबायचं, पाठलाग करणारीनंसुद्धा. हात खाली आला की डाव पुढे.

पहिल्या दिवशी बायका लाजून पदर तोंडाला लावून चालत होत्या. आठवड्याभरात पदर खोचून भांडायला लागल्या. सुभद्राबाई तर धाडकन वाटेत उभ्याच राहायच्या, आणि त्यांना वळसा घालून जायला पळावं लागायचं. तुझा दादा पंच. जो माणूस घरात पेपरामागून डोकं काढत नव्हता, तो मैदानावर गुडघ्यावर बसून बायकांचे पाय बघत असायचा, एक पाय जमिनीला आहे की नाही ते. त्याच्यावर शेरे मारणारे कमी नव्हते. तो म्हणायचा, माझ्या बहिणीनं लावलेली ड्यूटी आहे.

आणि तो सामना आठवतो? पोरींनी चिडवलं, की काकू, आमच्याशी खेळून दाखवा. तू म्हणालीस, खेळू, पण आमच्या नियमानं. आख्खा मोहल्ला जमला. पोरी सगळ्या एकेक करून बाद झाल्या, आणि कोणी त्यांना हात लावून बाद केलं नाही. त्यांना न पळणं जमेचना. मागे सुभद्राबाई दिसल्या की पोरींचे पाय आपोआप उचलले जायचे आणि दादाचा हात वर जायचा: बाद. शेवटची पोर तर चालता चालता रडायला आली, की मला पळू द्या हो. सुभद्राबाईंनी तिला जवळ घेतलं आणि संत्रं दिलं. त्या संध्याकाळी तू एकदाही खोकली नाहीस, असं मी म्हणणार होते, पण ते खरं नाही. तू खूप खोकलीस. खोकतखोकत हसत होतीस, आणि हात वर करून बसली होतीस, आणि सगळं मैदान तुझा हात खाली यायची वाट बघत थांबलं होतं.

मला वाटलं, आता तू इथलीच. आणि तिथेच तू मला हूल दिलीस.

देवराव भोपाळलाच राहत होते. घर होतं, गिरणीतली नोकरी होती, जमेल तेव्हा इकडे यायचे. एके सकाळी मी भाजी चिरत होते, तू समोर बसली होतीस, आणि सहज सांगावं तसं म्हणालीस, की मी पुढच्या महिन्यात परत जाते. मी विळीवरून उठले. मी काय काय बोलले ते तुला आठवत असेलच. ती हवा, ते पाणी. कारखान्याला कुलूप लागलं तरी आतलं सगळं तिथेच पडलेलं, मागच्या खड्ड्यांत काय काय ओतलेलं. इथे डॉक्टर आहेत, आम्ही आहोत, मैदान आहे. शेवटी मी म्हटलं, "काहून जातेस वं तिकडे मराले?"

तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "इथं मी तुमची पेशंट आहो, वैनी. तिथं सगळ्याच माह्यासारख्या आहेत. तिथं मले कोणी बस म्हणत नाही."

मी म्हटलं, हे काय कारण झालं? तू म्हणालीस, हेच आहे. आपण दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी तुझ्यासाठी परसात शेगडी पेटवली आणि तू आतून ओरडलीस, झाली का वं. पण भांडण मिटलं नव्हतं. तू गेलीस.

त्यानंतर तू वर्षातून एकदा-दोनदा यायचीस, आणि आलीस की तिकडच्या गोष्टी. तू बस्तीत चालता खो-खो सुरू केला होतास. तिथे तर नियम समजावूनही सांगावा लागला नाही, म्हणालीस, कारण पळू शकणारं कोणी नव्हतंच. दोन डाव टाकले की आठ हात वर. कधी कधी आख्खा खेळ हात वर करून बसायचा आणि तेवढ्यात गप्पा व्हायच्या, कोणाच्या डोळ्यांचं काय, कोणाच्या पाळीचं काय, कोणाचं बाळ राहिलं नाही. गप्पांतून मोर्चा निघाला. औषधं द्या, काम द्या, पाणी द्या. मोर्च्यातही तुम्ही तोच नियम ठेवलात. एकीचा हात वर झाला की सगळा मोर्चा जागच्या जागी थांबायचा. पोलिसांना कळेना, या बायका मध्येच का थांबतात, हा काय नवा डाव आहे. एक शिपाई तुला म्हणाला, बाई, पुढे चला. तू म्हणालीस, भाऊ, जरा थांबा, आमची एक गडी दम खात आहे. आणि तो खरोखर थांबला, वर ट्रकवाल्यांनाही थांबवलं.

एकदा तू बाटलीत तिकडच्या हापशीचं पाणी आणलंस. दादाला दाखवायला. त्यानं बूच काढून वास घेतला आणि पटकन तोंड फिरवलं. रंग साधाच होता. वास औषधाचा, डांबराचा, कशाचा ते सांगता येईना. हे तुम्ही पिता, असं त्यानं विचारलं. तू म्हणालीस, टँकर आला नाही की पितो. दादा ती बाटली घेऊन बाहेर गेला, ओतून टाकायला. बराच वेळ परत येईना म्हणून आपण बघायला गेलो. तो परसात उभा होता. एकीकडे माझा पालकाचा वाफा, दुसरीकडे विहीर, पुढे नाली आणि नालीच्या टोकाला शेजाऱ्यांची गाय. तो आपल्याकडे वळून म्हणाला, "शशी, हे ओतू कुठं गा मी?" बहिणीला 'वं' सोडून पुरुषाला म्हणतात तसं 'गा' म्हणाला, इतका गोंधळला होता. तू म्हणालीस, "तेच तर आम्ही विचारून राहिलो, दादा." त्या दिवशी मात्र आपल्यापैकी कोणीच हसलं नाही.

मी तेव्हा पुन्हा म्हटलं, राहा इथेच. तू पुन्हा नाही म्हणालीस. आणि मी आज, तू गेल्यावरही, माझं म्हणणं सोडलेलं नाही, हे स्पष्ट लिहिते. तू इथे राहिली असतीस तर आणखी काही वर्षं मिळाली असती. तू म्हणायचीस, वर्षं मिळाली असती, पण ती बसून काढावी लागली असती. तुझ्या बाजूनं तू बरोबर असशील. माझ्या बाजूनं मीही आहे.

या हिवाळ्यात देवराव तुला घेऊन आले ते थेट दवाखान्यात. वॉर्डातल्या बायकांना तू दुसऱ्याच दिवशी ओळखत होतीस. नाकाला नळी, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला हूल कशी द्यायची ते हातांनी दाखवत होतीस, म्हणजे सिस्टर इंजेक्शन घेऊन आली की कुणीकडे वळायचं. सिस्टर माझ्याकडे तक्रार घेऊन आली आणि तक्रार सांगता सांगता हसायला लागली.

शेवटच्या दुपारी देवराव चहा आणायला खाली गेले होते. तू डोळे मिटून होतीस. मला वाटलं, झोपलीस. मग म्हणालीस, "आपलं भांडण राहिलं, वैनी." मी म्हटलं, घरी चल, परसात बसून भांडू. तू म्हणालीस, "तुले येते भांडता. तुझ्याशीच मजा येते." तुझा हात माझ्या हातात होता. थोड्या वेळानं तो सैल पडला. देवराव दोन कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी ते खाली ठेवले नाहीत, तसेच धरून आत आले आणि तुझ्याजवळ बसले.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. आपल्या घरासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, भंतेजी चार शब्द बोलले. सुभद्राबाई पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. आणि सभा चालू असताना गल्लीच्या टोकाशी पाच-सहा बायका दिसल्या. सकाळच्या गाडीनं उतरलेल्या, अगदी हळू चालत येणाऱ्या. मध्येच एकीनं हात वर केला आणि सगळ्या थांबल्या. मांडवातल्या आमच्या बायकांनी ते पाहिलं आणि कोणाला विचारावं लागलं नाही, त्या कुठून आल्यात. सुभद्राबाई उठून सामोऱ्या गेल्या आणि त्यांच्याच चालीनं त्यांना घेऊन आल्या.

हमीदाआपा होत्या त्यात. किती थकल्यात त्या. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, भाषण येत नाही, पण एक विचारायचं आहे, यातली शशीची भाभी कोणती? मी उभी राहिले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की शशीबाई रोज संध्याकाळी खेळ झाल्यावर ओट्यावर बसून त्या नागपूरच्या भांडणाची गोष्ट काढायच्या. तेही कसं, तर आधी वहिनीची बाजू मांडायच्या, पदर खोचून, हातात पळी धरून, वहिनीच्याच आवाजात. मग स्वतःची. आणि बायकांना विचारायच्या, सांगा, बरोबर कोण? बायकांचे दोन तट पडले होते. निम्म्या तुझ्या बाजूनं. निम्म्या माझ्या. काही जणी तर तुला तोंडावर म्हणायच्या, भाभी बरोबर सांगते, तू जा परत. आणि तू त्यांच्याशी तासभर भांडायचीस.

मग हमीदाआपांनी पदर कमरेला खोचला, हातात नसलेली पळी धरली, आणि ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही त्या बाईंनी भर मांडवात, माझ्याच ठसक्यात म्हटलं, "काहून जातेस वं तिकडे मराले?"

शशी, मांडव हसला. आधी दादा, मग देवराव, मग सगळेच. सुभद्राबाई डोळे पुसत हसत होत्या. भंतेजींनी खाली मान घातली, पण त्यांचे खांदे हलत होते. तुझ्या आवाजातून माझा आवाज भोपाळला गेला होता आणि हमीदाआपांच्या तोंडून घरी परत आला होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या भांडणात मी इथे परसात एकटी पडले आहे.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, की मग शेवटी ठरलं काय, कोण जिंकलं? हमीदाआपा खाली बसत म्हणाल्या, "फ़ैसला कहाँ हुआ, भाभी. अब आप आइए, आप ही लड़िए."

रविवारच्या गाडीनं देवराव परत निघालेत. त्यांच्याबरोबर मीही येते आहे, दादाही येतोय पंच म्हणून. तुझ्या ओट्यावर बसेन, आणि माझ्या बाजूच्या बायका कोण ते आधी बघून घेईन.